एका गाळलेल्या शब्दाचा इतिहास: ठाणे, कलम ३७७ आणि कलम ४९७

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्याला पोहोचली, हे प्रत्येक ठाणेकराला ठाऊक असते. त्या दिवशी गाडीने आणखी एक सीमा ओलांडली, तिची आठवण मात्र कोणी काढत नाही. माहीमच्या खाडीअलीकडे मुंबई शहरात सुप्रीम कोर्टाचा अंमल होता आणि तेथे इंग्लंडचा फौजदारी कायदा चाले. खाडीपलीकडे साष्टी आणि ठाणे लागले की एल्फिन्स्टनच्या काळात तयार झालेले १८२७ चे रेग्युलेशन लागू होई. एकाच डब्यात बसलेला प्रवासी अर्ध्या वाटेत एका दंडविधानातून दुसऱ्यात जात असे. ही स्थिती संपली १ जानेवारी १८६२ रोजी, म्हणजे भारतीय दंडविधान अमलात आले तेव्हा.

त्या दंडविधानातील दोन कलमे प्रौढ माणसांच्या खाजगी संबंधांवर होती. कलम ३७७ 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंधाबद्दल, तर कलम ४९७ व्यभिचाराबद्दल. दोन्ही १५६ वर्षे टिकली आणि २०१८ च्या सप्टेंबर महिन्यात, तीन आठवड्यांच्या अंतराने, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी त्यांचा जोर संपला. 'हे सगळे इंग्रजांनी आणले, आपला समाज तर मोकळा होता' असे त्यानंतर पुष्कळांनी म्हटले. खजुराहोची छायाचित्रेही सोबत फिरली. हे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे ठाण्याच्या इतिहासात सापडते, कारण या गावाने सव्वाशे वर्षांच्या आत तीन राजवटींचे कायदे अनुभवले.

पहिली राजवट पोर्तुगीजांची. आज जेथे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे, तो किल्ला मुळात पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला. नौपाड्यातून तेथे पायी जाता येते. त्या काळी ठाणे वसईच्या कारभाराखाली, म्हणजे पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'त होते आणि पोर्तुगालचा १६०३ चा राजसंग्रह येथील पोर्तुगीज प्रजेला लागू होता. त्याच्या पाचव्या भागात पुरुषांमधील संबंधाला जिवंत जाळण्याची शिक्षा लिहिली होती. मालमत्ता जप्त होई आणि कलंक मुलाबाळांपर्यंत जाई. परपुरुषाशी संबंध ठेवणाऱ्या विवाहितेला आणि त्या पुरुषाला मृत्युदंड होता. पतीने दोघांना रंगेहाथ पकडून ठार केले, तर बहुतेक प्रसंगी त्याला शिक्षा नव्हती आणि पतीने क्षमा केली तर पत्नीचा जीव वाचे. गोव्यात १५६० मध्ये आलेले इन्क्विझिशन या 'पापां'चीही चौकशी करी आणि त्याचा हात उत्तर प्रांतापर्यंत पोहोचत असे.

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ते जिंकले. मधली ३७ वर्षे पेशवाईची. या काळाकडे पाहताना 'मोकळा समाज' हे चित्र टिकत नाही.

पेशवाईच्या कागदपत्रांत 'बदअंमल' आणि 'सिंदळकी' हे शब्द वारंवार येतात. दोन्हींचा रोख व्यभिचारावर. तपास कोतवाल करी, गोत किंवा ब्रह्मसभा प्रायश्चित्त ठरवी आणि सरकार 'गुन्हेगारी' म्हणजे दंड वसूल करी. पुरुष बहुधा दंड भरून सुटे. स्त्रीची कथा वेगळी. दोषी ठरलेल्या स्त्रीला बटीक करून सरकारी कोठीत किंवा किल्ल्यावर कामाला धाडल्याच्या, कधी विकल्याच्याही नोंदी आहेत. जात जितकी खालची, तितका हा धोका अधिक. तिने त्या संबंधाला होकार दिला होता की तिच्यावर बळजोरी झाली होती, हा प्रश्न अनेकदा निकालाच्या केंद्रस्थानी नसेच. घर, जात आणि वंश यांची मोडलेली मर्यादा हाच मुख्य गुन्हा होता.

धर्मशास्त्राचा कलही तोच. मनुस्मृतीत परस्त्रीगमनाला भयंकर शिक्षा आहेत, पण पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवला तर द्विजाने वस्त्रांसह स्नान करावे, असे प्रायश्चित्त अकराव्या अध्यायात येते. बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसा स्त्रीशी संग केल्यासही तेच. याच अध्यायात अन्यत्र या कृत्याला जातिभ्रंशाच्या पापांत घातले आहे, तेव्हा त्याला मान्यता होती असे म्हणता येणार नाही. मात्र वंशाला धोका नसलेले कृत्य आणि वंशात भेसळ करू शकणारे कृत्य यांच्या शिक्षेत जमीन-अस्मानाचे अंतर होते. फाशी किंवा जन्मठेपेच्या लायकीचा 'निसर्गाविरुद्धचा' गुन्हा ही कल्पना या भूमीवर युरोपातून आली. व्यभिचारी स्त्रीला शासन करण्याची कल्पना मात्र कोणाकडून उसनी घ्यावी लागली नव्हती.

तिसरी राजवट इंग्रजांची, आणि खरी गुंतागुंत येथून सुरू होते.

इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, १५३३ मध्ये, हा गुन्हा चर्चकडून राजसत्तेकडे आला आणि त्याला फाशी ठरली. त्या शिक्षेखाली लंडनमध्ये शेवटच्या दोघांना फाशी झाली ती १८३५ मध्ये. तत्पूर्वी १८२८ मध्ये ब्रिटिश संसदेने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखातील फौजदारी न्यायासाठी कायदा केला, त्यातही ही फाशी होती. म्हणून मुंबई शहराच्या हद्दीत कागदोपत्री तरी हा देहान्ताचा गुन्हा होता.

थॉमस मॅकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये दंडविधानाचा मसुदा सादर केला. त्यातील कलम ३६१ आणि ३६२ आज फारसे कोणी वाचत नाही, पण सारा विषय तेथेच आहे. ३६१ हे परस्पर संमतीने झालेल्या कृत्यासाठी होते आणि त्याची शिक्षा २ ते १४ वर्षे होती. ३६२ हे संमतीविना झालेल्या कृत्यासाठी, शिक्षा किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मभर. मॅकॉले यांना या विषयाची इतकी किळस होती की मसुद्याच्या टिपणांत त्यांनी त्यावर जवळजवळ काहीच लिहिले नाही आणि जाहीर चर्चेला तोंड फुटेल असे काही छापायची इच्छा नसल्याचे नमूद केले. तरीही, एवढी किळस असूनही, त्यांनी दोन गुन्हे वेगळे ठेवले होते. होकार असलेला आणि होकार नसलेला.

मसुदा वीस वर्षांहून अधिक काळ धूळ खात पडला. सत्तावनच्या उठावानंतर बार्न्स पीकॉक यांनी त्यावर शेवटचा हात फिरवला आणि ऑक्टोबर १८६० मध्ये तो कायदा झाला. मॅकॉले त्याआधी डिसेंबर १८५९ मध्येच वारले होते. ३६१ आणि ३६२ यांच्या जागी आता एकच कलम आले, ३७७. कोणीही 'स्वेच्छेने' पुरुष, स्त्री किंवा प्राण्याशी निसर्गक्रमाविरुद्ध शरीरसंबंध केला तर जन्मठेपेची काळ्या पाण्याची सजा किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. दोन प्रौढांचा परस्परांच्या इच्छेने झालेला संबंध, मुलावर झालेला अत्याचार आणि पशूशी झालेले कृत्य एका ओळीत बसले. संमती हा शब्द गळाला. ठाण्याचा तुरुंग हा अंदमानला जाणाऱ्या कैद्यांचा एक थांबा होता. सावरकरांनाही १९११ मध्ये येथूनच पुढे नेले. हे कलम कागदावर माणसाला त्याच वाटेने धाडू शकत होते.

व्यभिचाराची गोष्ट नेमकी उलट दिशेने घडली. इंग्लंडमध्ये व्यभिचार हा फौजदारी गुन्हा नव्हताच. तो चर्चच्या न्यायालयाचा आणि नुकसानभरपाईचा विषय. मॅकॉले यांनी मसुद्यातून तो गाळला आणि त्याची कारणे विस्ताराने दिली. ज्यांच्या घरची अब्रू जाते ते वरच्या वर्गातले नवरे कोर्टात येत नाहीत, जे येतात त्यांना पैसे हवे असतात. पण त्यांचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे होते. ज्या देशात मुलीचे लग्न बालपणीच लागते आणि नवऱ्याला अनेक बायका करण्याची मुभा आहे, तेथे आधीच एका बाजूला झुकलेल्या तराजूत कायद्याने आणखी वजन टाकू नये, असे ते म्हणतात. मॅकॉले यांच्याविषयी मराठी वाचकाचे मत सहसा चांगले नसते, आणि त्याला कारणेही आहेत. हे टिपण मात्र वाचण्यासारखे आहे.

पुढच्या विधी आयुक्तांना ते पटले नाही. कायद्याने दाद दिली नाही तर नवरे स्वत:च्या हाताने न्याय घेतील, असे त्यांचे म्हणणे पडले. म्हणून व्यभिचार गुन्हा झाला. स्त्रीची अवस्था दयनीय आहे हे मॅकॉले यांचे निरीक्षण त्यांनी मान्य केले आणि त्यातून असा निष्कर्ष काढला की शिक्षा केवळ पुरुषाला व्हावी. कलम ४९७ चा आकार असा ठरला: दुसऱ्याच्या पत्नीशी, त्या दुसऱ्याच्या संमतीवाचून किंवा मूक अनुमतीवाचून, संबंध ठेवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद. पत्नी गुन्ह्याची भागीदार नाही. तक्रारीचा अधिकार पतीला. पतीने बाहेर संबंध ठेवले तर पत्नीला या कलमाखाली दाद नाही. तो संबंध अविवाहितेशी किंवा विधवेशी असेल तर गुन्हाच नाही.

आता दंडविधानातील तीन कलमे शेजारी ठेवून पाहावीत. ३७५, म्हणजे बलात्कार: येथे स्त्रीची संमती विचारात घेतली जाते, पण ती आरोपीची पत्नी असून दहा वर्षांहून मोठी असेल तर नाही. ४९७: येथे संमती पाहिली जाते ती नवऱ्याची. ३७७: येथे कोणाचीच नाही.

त्या 'दहा वर्षां'वरूनच महाराष्ट्रात संमती हा शब्द घरोघरी पोहोचला. १८९१ मध्ये वयोमर्यादा दहावरून बारा करण्याचे विधेयक आले. त्याचे मराठी नावच 'संमतिवयाचा कायदा'. आगरकर बाजूने, टिळक विरोधात, आणि पुण्या-मुंबईच्या सभांत दगडफेकीपर्यंत मजल गेली. परक्या सरकारने आमच्या घरात नाक खुपसू नये, हा विरोधकांचा मुद्दा होता. त्याच सरकारने तीस वर्षांपूर्वी ३७७ आणि ४९७ च्या रूपाने घरात नाक खुपसले होते, त्याबद्दल सभा भरल्या नव्हत्या.

३७७ चा पुढचा प्रवास न्यायालयांतून झाला. १९२५ मध्ये सिंधच्या न्यायालयापुढे 'खानू विरुद्ध सरकार' हा खटला आला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. आरोपीने एका लहान मुलावर मुखमैथुनाची बळजोरी केली होती. तो दोषी ठरणे रास्तच होते, पण न्यायालयाने ज्या कारणाने त्याला दोषी धरले ते दूरवर गेले. संभोगाचा नैसर्गिक हेतू संतती हा आहे, म्हणून ज्यातून गर्भधारणा संभवत नाही ते निसर्गाविरुद्ध. मुलाचे वय किंवा त्याचा नकार हा तर्काचा पाया झाला नाही. तो झाला असता तर कलमाला वेगळे वळण लागते. या व्याख्येत मात्र विवाहित पती-पत्नीच्या शयनगृहातल्याही कित्येक गोष्टी गुन्हा ठरत होत्या, आणि पुढची नव्वद वर्षे ती व्याख्या वकिलांच्या तोंडी राहिली.

याच सुमारास गिरगावातून एक छोटे मासिक निघू लागले. जुलै १९२७ पासून रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' चालवीत होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांची विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी आधीच गेली होती. विषय लैंगिक आरोग्य, भाषा गणिताच्या प्राध्यापकाला शोभेल अशी कोरडी आणि थेट. त्यांच्यावरचे पहिले दोन खटले कोणत्या मजकुरावरून झाले हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९३१ चा खटला झाला 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून. पुण्यातील सनातनी मंडळींची तक्रार होती आणि दंड झाला १०० रुपये. १९३४ चा खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्या प्रश्नांत हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीचे प्रश्न होते.

म्हणजे ४९७ आणि ३७७ या दोन्हींचे विषय. करणे गुन्हा होता हे ठीक. त्याविषयी मराठीत विचारणे आणि उत्तर देणे हेही अश्लीलतेच्या कलमाखाली गुन्हा ठरत होते. मॅकॉले यांना १८३७ मध्ये जी चर्चा नको होती, ती शंभर वर्षांनंतरही मुंबईच्या न्यायालयांना नको होती.

१९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकतेच मागे पडले होते. देशभर नाव झालेला पुढारी एका बदनाम मासिकासाठी कोर्टात उभा राहिला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. लैंगिक विषयावरचे लेखन तेवढ्यामुळे अश्लील होत नाही. वाचकाने प्रश्न विचारला आहे, त्याला ज्ञान हवे आहे, आणि प्रश्न विकृत वाटत असेल तर विकृती घालवण्याचा उपायही ज्ञानच. समलिंगी आकर्षणाविषयी त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला आणि अशा व्यक्तींना आपल्या प्रकृतीप्रमाणे सुख मिळत असेल तर त्यात गैर काय, असा मुद्दा मांडला. खटला हरले. दंड २०० रुपये. कर्व्यांनी मासिक चालूच ठेवले, ते १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत.

मराठी माणसांच्या सार्वजनिक इतिहासात हा खटला क्वचितच योग्य जागी ठेवला जातो. आंबेडकरांच्या चरित्रात तो तळटिपेत जातो आणि कर्व्यांच्या चरित्रात हालअपेष्टांच्या यादीत. ३७७ च्या विरोधातला भारतीय न्यायालयातला विचार दिल्लीत आणि इंग्रजीत सुरू झाला, असे समजणाऱ्यांनी तरी तो वाचायला हवा.

स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, आणि ४९७ वर घटनेच्या आधारे पहिला महत्त्वाचा हल्ला मुंबईतच झाला. १९५१ मध्ये युसूफ अब्दुल अझीझ या आरोपीने उच्च न्यायालयात म्हटले की केवळ पुरुषाला शिक्षा करणारे कलम समानतेच्या हक्काचा भंग करते. खंडपीठावर मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर होते. छागलांनी मान्य केले की या कलमामागे पत्नी ही पतीची मालमत्ता असल्याची कल्पना आहे आणि तक्रार पतीच्या मर्जीवर सोपवणे हीच त्याची खूण. एवढे म्हणूनही कलम टिकले. स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची घटनेने दिलेली मुभा त्याला लागू पडते, असा निर्वाळा १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दिला. मालमत्ता म्हणून मिळालेले अभय 'संरक्षण' या नावाने पक्के झाले.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. त्यानंतर भारतीय दंडविधान तेथे लागू झाले आणि त्यासोबत ३७७ देखील. इंग्रजांनी ज्या भूमीवर कधी राज्य केले नाही, तेथे त्यांचे कलम स्वतंत्र भारताच्या सरकारने नेले. सहा वर्षांनी, १९६७ मध्ये, इंग्लंडने स्वत: आपल्याकडे प्रौढ पुरुषांमधील खाजगी संबंध गुन्ह्यातून वगळले. 'परकीयांचा कायदा' म्हणताना ही तारीख आठवावी. त्यापुढची पन्नास वर्षे तो आपला कायदा होता.

१९७१ च्या बेचाळिसाव्या अहवालात विधी आयोगाने व्यभिचारासाठी स्त्रीलाही शिक्षा सुचवली. आयोगाच्या एक सदस्य अ‍ॅना चंडी यांनी भिन्नमत नोंदवून कलमच रद्द करावे असे म्हटले. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आले आणि स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी प्रेक्षकांपुढे नायिका म्हणून उभी राहिली. १९८५ मध्ये ४९७ पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी ते वैध ठरवले. मोहात पाडणारा सामान्यत: पुरुष असतो, स्त्री नव्हे, ही त्या निकालातली धारणा.

दरम्यान ३७७ काय करत होते? २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम टिकवताना म्हटले की दीडशे वर्षांत २०० हूनही कमी लोकांवर खटले चालल्याचे दिसते, म्हणून प्रश्न फार लहान. हा हिशेब चुकीच्या वहीत मांडला होता. कलमाचा खरा उपयोग कोर्टात फारसा झाला नाही. तो झाला बागेच्या बाकावर, स्थानकाच्या मुतारीपाशी, लॉजच्या दारात. 'घरी कळवू का?' एवढा प्रश्न पुरे होई. पैसे दिले जात आणि नोंद कुठेच होत नसे. एड्सच्या काळात कंडोम वाटणाऱ्या कार्यकर्त्यांना याच धाकाला तोंड द्यावे लागले, आणि २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलेली नाझ फाउंडेशनची याचिका त्यातूनच जन्मली.

धाकाची ही पद्धत केवळ समलिंगी व्यक्तींपुरती नव्हती. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई पोलिसांनी मढ आणि आक्सा भागातील हॉटेलांवर छापे घालून बंद खोल्यांतील चाळीसएक जोडप्यांना बाहेर काढले. प्रौढ स्त्री-पुरुष, स्वेच्छेने आलेले, भाडे भरलेले. कलम कोणते लावावे? १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातले ११०, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. बंद दाराची खोली सार्वजनिक कशी, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. टीका झाल्यावर आयुक्तांनी चौकशीचा आदेश दिला. संध्याकाळी तलावपाळीच्या कठड्यावर बसलेल्या जोडप्याला शिट्टी वाजवून उठवणारा हवालदार याच परंपरेतला.

न्यायालयीन शेवट परिचित आहे, म्हणून थोडक्यात. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने संमतीने झालेले प्रौढांचे खाजगी संबंध ३७७ मधून वगळले. निकाल देणारे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा मूळचे सोलापूरचे आणि पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती असलेले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी एकमताने २०१३ ची चूक दुरुस्त केली. त्यांत अजय खानविलकर आणि धनंजय चंद्रचूड हे दोन मराठी न्यायमूर्ती होते. न्यायालयाने ३७७ पुसले नाही. त्यात संमती हा शब्द वाचला. मुलांवरचे, पशूंवरचे आणि बळजोरीचे कृत्य गुन्हाच राहिले. मॅकॉले यांनी ३६१ आणि ३६२ मध्ये आखलेली रेषा १८१ वर्षांनी परत आली. फरक इतकाच की तिच्या एका बाजूला आता शिक्षा नव्हती.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी ४९७ रद्द झाले. त्या पीठावरही धनंजय चंद्रचूड होते आणि ज्या निकालाला त्यांनी चूक ठरवले तो १९८५ चा, त्यांच्या वडिलांचा. पत्नी ही पतीची वस्तू नाही, ही छागलांनी १९५१ मध्ये अर्धीच बोललेली गोष्ट या वेळी शेवटपर्यंत नेली गेली. व्यभिचार घटस्फोटाचे कारण म्हणून राहिला.

इतर वसाहतींत चित्र संमिश्र आहे. पाकिस्तान आणि बांगलादेशात कलमाचा क्रमांकसुद्धा ३७७ च आहे. सिंगापूरने आपले ३७७-अ २०२२ मध्ये रद्द केले. युगांडाने २०२३ मध्ये उलट दिशेने जात अधिक कठोर कायदा केला, आणि त्याचे समर्थन तेथे पाश्चात्त्यांना विरोध म्हणून केले जाते. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे राहतात. तेथील १८३८ च्या संहितेतले कलम ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने संमतीच्या संबंधांपुरते घटनाबाह्य ठरवले.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंडविधान गेले आणि भारतीय न्याय संहिता आली. वसाहतीच्या खुणा पुसणे हा तिचा जाहीर हेतू. ४९७ तीत नाही. संसदेच्या स्थायी समितीने स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होईल असे व्यभिचाराचे कलम परत आणण्याची शिफारस केली होती, ती सरकारने घेतली नाही. पण ४९७ चे जुळे भावंड, विवाहितेला फूस लावून नेण्याबद्दलचे ४९८, नव्या संहितेत कलम ८४ म्हणून शाबूत आहे. पत्नीला बलात्काराच्या व्याख्येतून वगळणारा अपवादही शाबूत आहे, वय तेवढे अठरा झाले.

आणि ३७७ संपूर्ण गेले. न्यायालयाने जपून ठेवलेला, बळजोरीला शिक्षा देणारा भागही त्याच्यासोबत गेला. तो ठेवावा असे स्थायी समितीने सुचवले होते. नव्या संहितेत बलात्काराची पीडित व्यक्ती स्त्रीच असते. आज एखादा प्रौढ पुरुष आपल्यावर झालेल्या लैंगिक बळजोरीची तक्रार घेऊन नौपाडा पोलीस ठाण्यात गेला, तर ठाणे अंमलदाराला दुखापत, डांबून ठेवणे, धमकी अशी कलमे जुळवावी लागतील. तृतीयपंथी व्यक्तीसाठी २०१९ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात लैंगिक अत्याचाराची शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे आहे. मॅकॉले यांच्या मसुद्यात याच कृत्याला, कलम ३६२ खाली, किमान सात वर्षे होती.